उतरताना

फॉर्मवर रकाना आहे:
अपघाताच्या वेळी आपण कुठे होतात?
गाडीत. गाडीबाहेर. एकावर खूण करा.
एर्लिंडा पास्कुआ पेन खाली ठेवतात,
म्हणतात, दोन्हीकडे.

स्टॉकटन शहर, टायरच्या दुकानावरचं आमचं ऑफिस.
खाली मशीन चाकाचे नट सोडवतंय, घर्र, घर्र,
आणि दर घर्रला बाईंचा खांदा
कानापर्यंत जातो. परत येतो.

मी विचारते, त्या सांगतात, मी टाइप करते.
पहाट. रात्रपाळी संपलेली.
नव्वदीतल्या कुण्या मिस्टर हॅलोरनना पुसून, कूस बदलून,
त्यांनी फोनवर गाडी मागवली.
राखाडी गाडी, चालक तेस्फालेम.
वाटेत बोलणं झालं ते इतकंच:
त्याची मुलगी पहिलीत,
यांची नात दुसरीत.
दारासमोर गाडी थांबली. यांनी दार उघडलं,
उजवा पाय फूटपाथवर टेकला.
डावा अजून आत, डब्याच्या पिशवीपाशी.
मागून पिकअप आली.
ती थांबलीच नाही, तिचा नंबरही कुणी पाहिला नाही.

मोडला तो आतला पाय.

आता कंपनीचं पत्र. कागद छान जाड आहे.
प्रवास समाप्त: पाच अठ्ठावन्न, सात सेकंद.
धडक: पाच अठ्ठावन्न, नऊ सेकंद.
आमच्या नोंदीनुसार त्या वेळी आपण प्रवासी नव्हता.
म्हणजे चालकाने बटण दाबलं,
आणि बाई गाडीत बसल्याबसल्या
रस्त्यावरच्या कुणीतरी झाल्या.
प्रवाशाला मोठा विमा. रस्त्यावरच्या कुणीतरीला
पत्राच्या शेवटी शुभेच्छा.

दोन दगडांवर पाय ठेवू नये म्हणतात.
पण उतरायचं कसं मग, कुणी सांगावं?
इथून उचलून तिथे ठेवेपर्यंत
माणूस दोन दगडांवरच असतो.

शिवाय रेकॉर्डिंग आहे.
तिसऱ्या दिवशी, हॉस्पिटलात, गोड आवाजाचा फोन:
कशा आहात आपण?
आणि यांनी आयुष्यभर जे उत्तर दिलं तेच दिलं,
बरी आहे, थँक यू.
ती 'बरी आहे' आता फाइलमध्ये आहे, पान चार.
मी सगळ्यांना सांगते, फोनवर बरं असू नका.
सगळे माझ्याकडे येतात ते बरं असून झाल्यावर.

वकीलबाई, रेनाटा सिल्व्हेरा, आतून येतात,
चष्मा केसांत, पुस्तकात बोट:
कायदा म्हणतो, प्रवासी गाडीतून उतरेपर्यंत.
बटण दाबेपर्यंत असं कुठेही म्हणत नाही.
मग उतरणं म्हणजे काय, यावर आपण भांडू.
दीड वर्ष लागेल. कदाचित दोन.
जिंकलो तर तिसरा हिस्सा माझा.

बाई मान हलवतात. मग विचारतात,
त्या मुलाला कोण आहे?
कुठल्या मुलाला?
तेस्फालेमला. त्याची मानही वाकडी झाली होती.
त्याच्या फोनवर पुढची गाडी वाजली, म्हणून त्याने बटण दाबलं.
उशीर केला तर ती दुसऱ्याला जाते, तो सांगत होता.

मी फॉर्म वरखाली करून पाहते.
त्याचं नाव लिहायला एकच जागा आहे,
प्रतिवादी.
बाई ते वाचतात, पेन घेतात, ठेवतात, पुन्हा घेतात.
सही बारीक करतात,
कुणाला दिसू नये अशी.

जिन्यापर्यंत मी सोबत जाते.
लिफ्ट बंद आहे. आमच्याकडे मोडकी माणसं येतात
आणि लिफ्ट बंद असते.
थेरपिस्टने शिकवलंय, त्या सांगतात,
चढताना चांगला पाय आधी,
उतरताना दुखरा.
एका हाताने कठडा धरून डावा पाय खाली,
मग उजवा त्याच्या शेजारी.
थांबा. श्वास. पुन्हा डावा.

मी घड्याळ पाहिलं, सवयीने.
दोन सेकंद झाले.
वीस झाले.
दुकानातलं मशीन बंद पडलं, पुन्हा सुरू झालं.
मिनिट झालं,
सातवी पायरी,
बाई अजून उतरतच होत्या.